छत्तीस स्पोकचं चाक

परवा मूलहून चंद्रपूरला बसने येताना रस्त्यावर धान पसरलेला दिसला. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाड्यांचा. मधे दगड मांडून हद्द केलेली. दगडांच्या पलीकडे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली एक बाई पायाने धान हलवत हळूहळू मागे सरकत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तिने वर पाहिलंही नाही. बस वळसा घालून गेली. पुढे कुणीतरी तणसही, म्हणजे झोडलेल्या धानाच्या वाळक्या काड्या, टाकून ठेवली होती. खिडकीतून त्या काड्यांचा वास आला, कोरडा, किंचित गोड, घशात खाजवणारा. आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. पेडल मारणं थांबवावं तसे. मी बसमध्ये बसले होते, पायाखाली पेडल नव्हतं, तरी थांबले.

सायकलवाल्याला या दिवसांत तणस दिसली की उतरावं लागतं. ती मागच्या चाकात शिरते, दात्यांभोवती गुंडाळते, आणि मग रस्त्याच्या कडेला बसून काडी काडी ओढून काढत बसायचं. बोटांना काळं ग्रीस, नखांत पिवळा भुसा. हे मी एका हिवाळ्यात इतक्या वेळा केलं आहे की बोटांना अजून आठवतं.

तो हिवाळा वडशाचा.

बाबांची नोकरी धान खरेदीच्या कामाची. त्या वर्षी त्यांची बदली वडशाला झाली होती. मी तोवर चंद्रपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. बारावीला मार्क कमी पडले, मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं आणि मी मान हलवली. वर्गातल्या सगळ्याजणी कुठे कुठे गेल्या. मी वडशाला आले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

ओळख करून घेणं मला जमत नसे. वडशाची माणसं रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला बोलत. "कुठी चालली वो?" "काऊन एवढ्या घाईत?" मला सगळं समजायचं. उत्तर द्यायची वेळ आली की मात्र आधी इंग्रजीत वाक्य तयार व्हायचं, मग पुस्तकातल्या मराठीत, आणि तोवर विचारणारी बाई पुढे निघून गेलेली असायची. आई रोज संध्याकाळी विचारायची, "कुणी मैत्रीण झाली का गं?" मी पुस्तकाचं पान उलटायचे.

मला सोबत होती ती दादाची सायकल. दादा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा ती मागे ठेवून गेला. खाली वळलेल्या हँडलची, पातळ टायरची रेसिंग सायकल. गावात पोरी सायकल चालवत, पण लेडीज, ताठ बसून, ओढणी मागे बांधून. मी या सायकलवर बसले की वाकावं लागे. तोंड रस्त्याकडे, पाठ आभाळाकडे. लोक सायकलकडे पाहत, माझ्याकडे नाही. आणि कुणी काही विचारायच्या आत मी पुढे गेलेली असायचे. दुपारचा अभ्यास संपला की मी वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. पुलावर पाय टेकवून पाणी पाहायचं, वाळूत टरबुजाच्या वाफ्यांची चाललेली तयारी पाहायची, आणि परत. दिवसातला तेवढा तास माझा.

दिवाळी होऊन आठवडाही झाला नसेल, रेल्वे फाटकात सायकल अडकली. रूळ आणि डांबर यांच्यामधल्या फटीत मागचं चाक गेलं, मी पडले, आणि उठून पाहते तर चाकाचा आठचा आकडा झालेला. पुढचंही हललं होतं, पण मागचं पार गेलेलं. फाटकवाला म्हणाला, "लागलं का बाई?" मी नाही म्हणाले. गुडघ्यातून रक्त येत होतं.

सायकल अर्धी उचलून मी स्टेशन रोडवर सत्तारभाईंच्या दुकानात नेली. सत्तारभाई म्हणजे बारीक, उंच, कानामागे पेन्सिलीऐवजी खडूचा तुकडा खोचलेला माणूस. चाक सरळ आहे का हे ते त्या खडूने पाहत. चाक फिरवायचं, खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा, जिथे चाक वाकडं तिथे पांढरी रेघ उमटते. याला ते "आऊट काढणं" म्हणत. त्यांनी माझं चाक फिरवायचा प्रयत्न केला. ते फिरलंच नाही.

"बाई, हे चाक गेलं."

"सरळ नाही होणार?"

"सरळ होईन. गोल नाई होणार."

दुकानात बसलेले दोघंतिघं हसले. मी खाली पाहिलं.

ते दिवस नाटकाच्या हंगामाचे. धान कापून झाला की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. नाटक कंपन्यांची दुकानं वडशातच, रस्त्याला लागून, भडक रंगांच्या पाट्या लावलेली. दिवसभर ऑटोवरचा भोंगा ओरडत फिरे, रडका आवाज काढून नाटकाचं नाव सांगे. पोस्टरं चिकटवणारी माणसं खळीचे डबे हँडलला लटकवून सत्तारभाईंकडे भाड्याच्या सायकली न्यायला येत आणि सत्तारभाईंना मान वर करायला वेळ नसे. त्यांनी आतल्या पडद्याकडे पाहून हाक मारली, "नसीम, बाई को रिमा दिखा."

पडद्यामागे आंगण होतं. आंगणात एक पेरूचं झाड आणि त्या झाडाच्या फांद्यांना रिमा टांगलेल्या. गंजलेल्या, चकचकीत, लहान पोरांच्या सायकलीच्या, मोठ्या दूधवाल्यांच्या सायकलीच्या. वाऱ्याने एकमेकींवर आपटून वाजत. खाली पोत्यावर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. मांडीवर रिम, बाजूला तेलाच्या डब्यात उभे केलेले स्पोक. ती स्पोक रिमच्या भोकांतून काढत होती, एक वरून, एक खालून, एकमेकांना ओलांडत. आई स्वेटर विणताना गप्पा मारते तशा सहजतेने. तिने वर न पाहताच विचारलं, "किती छेदाची?"

"काय?"

"तुई रिम. किती छेदाची हाये? मोज ना."

मी माझं वाकडं चाक आडवं घातलं आणि भोकं मोजू लागले. कुठून सुरू केलं ते लक्षात राहावं म्हणून तणसाची एक काडी एका भोकात खोचली. दोनदा मोजली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

"सदतीस."

तिने हातातलं काम थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, गुडघ्यावर सुकलेल्या रक्ताकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसली. "अवो कॉन्व्हेंट, हवेचं भोक बी मोजलं तू! जिथून पंप लावतेत ते. त्यात कोणता स्पोक घालू?"

मीही हसले. घरच्यांखेरीज कुणासमोर मी हसल्याला त्या वेळी बरेच महिने झाले असतील.

मग तिने मला समजावलं. बाजारात मिळणाऱ्या साध्या रिमा पुढे बत्तीस आणि मागे चाळीस भोकांच्या. दादाच्या सायकलचे हब, म्हणजे चाकाच्या मधला गोळा, दोन्ही छत्तीसचे. रिम छत्तीसची मिळाली तर जुनेच हब वापरता येतील आणि स्वस्तात काम होईल. नाही मिळाली तर हबही नवे घ्यावे लागतील. दूधवाल्यांच्या सायकलीची मोठी चाकं स्वस्त, पण ती माझ्या सायकलीत बसली तरी टायर वर घासेल आणि ब्रेक पोचणार नाही. नागपूरहून मागवली तर अॅल्युमिनियमच्या रिमांची तयार जोडी मिळेल, पिसासारखी हलकी, पण तिची किंमत ऐकून बाबा म्हणतील की पायी फिर.

"दादा म्हणतो हलकीच घे," मी म्हणाले. दादाने पत्रात तसं लिहिलंही होतं. चाकाचं वजन फ्रेमच्या वजनापेक्षा जास्त जाणवतं वगैरे.

"हलकं चाक रेसले. तुले कुठी रेस लावाची आहे?"

"कुठेच नाही."

"मंग लोखंडी घे. पडली तरी तूच मोडशीन, चाक नाई."

मी म्हणाले, विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण चाक आजच ठरलं असतं तर उद्या मला त्या आंगणात येता आलं नसतं. कुणाकडे उगीच जाणं मला माहीतच नव्हतं. माझ्या घरी कुणी कुणाकडे उगीच जात नसे, काम असेल तरच.

म्हणून मी तीन आठवडे चाकं निवडत राहिले. आज अॅल्युमिनियमची चौकशी, उद्या बत्तीस-चाळीसची, परवा पुढचं चाक सरळ करून वापरता येईल का याची. दुकानातून जायला संकोच वाटे, म्हणून गल्लीतून आंगणाच्या मागच्या फाटकाने जायचे. नसीमची अम्मी चहा द्यायची, कपात नाही, स्टीलच्या वाटीत, आणि म्हणायची, "बच्ची अभी तक सोच रही है?" नसीम म्हणायची, "सोचने दो अम्मी, डॉक्टर बनने वाली है."

आंगणात राईस मिलचा कोंडा उडत यायचा. नसीमच्या केसांवर, माझ्या वहीवर बारीक सोनेरी थर बसे. मी जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन जायचे आणि ती स्पोक ओवत असताना वाचायचे. ती मधेच विचारायची, "आज का हाय?" मी हृदयाची आकृती दाखवायचे. ती नीट पाहायची. "हे बी भरलेलं चाकच दिसते. इकडून येते, तिकडून जाते." नववीनंतर तिची शाळा सुटली होती, पण तिला कुठलीही गोष्ट एकदा पाहिली की कळे. मला चार वेळा वाचावी लागे.

तिला खडू लागत नसे. ती चाक फिरवायची आणि अंगठ्याचं नख रिमला टेकवायची. नखावर बारीक खाच पडली होती, त्या जागेवर रिम कशी चालते ते तिला कळायचं. अर्ध्या केसाचा आऊटही सापडायचा. आणि तिची एक सवय होती. हबवर तेल सोडायला एक लहानसं भोक असतं. चाक भरताना, म्हणजे स्पोक ओवून तयार करताना, ती ते भोक बरोबर रिमवरच्या हवेच्या भोकासमोर येईल असं बसवायची. वरून पाहिलं की दोन्ही भोकं एका रेषेत. तसं केल्याने चाक चांगलं चालत नाही की वाईट चालत नाही.

"मग कशाला?"

"मले माहीत राह्यते ना, का हे मी भरलं."

कारण बाकी कुणालाच ते माहीत नव्हतं. गावाला वाटायचं, सत्तारभाई चाकं भरतात. हंगामात त्यांना वेळ होत नाही म्हणून त्यांनी ते काम नसीमकडे दिलं होतं, पडद्यामागे. पण तिला पडद्याच्या पुढे यायचं होतं. हे तिने मला एकदा सांगितलं, पाना ग्रीसमध्ये बुडवत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. "अब्बा म्हणाले, संक्रांतीपर्यंत माह्या हातचं एक बी चाक वापस नाई आलं, तं दुकानात बसू देईन. बायाच्या सायकली मी पाहीन. बाया दुकानात यायले लाजतेत ना. तुह्यासारख्या."

"आणि आलं तर?"

"नाई येणार," ती म्हणाली.

शेवटी छत्तीस छेदांच्या रिमा मिळाल्या. सत्तारभाईंनी चंद्रपूरच्या भंगारातून आणल्या, कुठल्याशा जुन्या परदेशी सायकलच्या, लोखंडी, आतून थोड्या गंजलेल्या. फक्त रिमा नव्या, म्हणजे जुन्या. बाकी सगळं माझंच. याहून स्वस्तात चाकं होणं शक्य नव्हतं. नसीमने पॉलिश पेपरने गंज घासला, माझ्यासमोर दोन्ही चाकं भरली. मी तिला स्पोक देत होते, एक एक. दुसऱ्या चाकाचा छत्तिसावा दिला तेव्हा मला वाईट वाटलं.

सायकल आधीपेक्षा जड चालत होती आणि सुरेख चालत होती. मी पुलापर्यंत गेले. हात सोडून चालवली, आयुष्यात पहिल्यांदा. पुलावर पाय टेकवला, पाणी पाहिलं आणि लक्षात आलं की आता उद्या जायला काही कारण नाही. परवाही नाही.

चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी दादाच्या हत्यारांच्या पिशवीतून स्पोक कसायची चावी काढली. लहानशी, गोल, खिशात मावेल एवढी. प्रत्येक स्पोकच्या टोकाला एक पितळी टोपी असते, तिला ती चावी बसते. मागच्या चाकाचे दोन स्पोक मी दोन दोन वेढे सैल केले. चाक ब्रेकला घासू लागलं. सायकल ढकलत मी गल्लीतून मागच्या फाटकाशी गेले.

"काऊन आली?" नसीम उठत म्हणाली. तिचा चेहरा केवढा उजळला होता ते मी पाहिलं.

"चाक घासतंय."

तिने कसून दिलं. पाच मिनिटांचं काम. मी दोन तास बसले.

तिला संक्रांतीपर्यंतची अट आहे हे मला ठाऊक होतं. विसरले होते असं मी म्हणणार नाही. पण मी मागच्या फाटकाने जात होते, सत्तारभाईंना कळत नव्हतं, म्हणजे हे काही 'वापस येणं' नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सावध माणसं स्वतःशी असे करार फार व्यवस्थित करतात. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा दोन स्पोक सैल केले.

नसीम म्हणाली, "एक ढिला झाला का बाजूच्यावर ओढा येते. मंग तो बी जाते. पण हे दोनच कशे होते, कळत नाई." तिने बराच वेळ सगळे स्पोक बोटांनी दाबून पाहिले. त्या दिवशी ती कमी बोलली.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा संक्रांत दोन दिवसांवर आली होती. अम्मी ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी फाटक ढकललं आणि पाहिलं, सत्तारभाई आंगणात, पेरूवरून रिम काढत होते. परत फिरता आलं असतं. मी फिरले नाही, कारण परत फिरणं विचित्र दिसलं असतं.

"काय झालं बाई?" ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत अम्मी मायेने म्हणाली, "अरे, बच्ची तीसरी बार आई है. चाक तंग कर रहा है बेचारी को."

सत्तारभाईंनी सायकल उलटी केली. चाक फिरवलं. कानामागचा खडू काढून धरला. पांढरी रेघ उमटली, एकाच जागी. आंगणात चाकाचा आवाज तेवढा होता, टर्र, टर्र.

"तीन बार," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नसीम, साहब की लडकी का चाक तीन बार वापस आया और मेरे को मालूम नहीं."

नसीम चाकाशी वाकली. सैल झालेल्या स्पोकच्या पितळी टोपीवर तिने अंगठा फिरवला. त्यांच्या घरची चावी वापरून वापरून गुळगुळीत झालेली होती, तिचा ओरखडा पडत नसे. दादाची चावी नवी होती, तिच्या कडा धारदार. पितळेवर दोन ताजे, चमकणारे ओरखडे होते. मला ते उभ्या जागेवरून दिसले. तिलाही दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी बोलणार होते. वाक्य तयार होतं, इंग्रजीत, तीन शब्दांचं. मग ते मराठीत झालं. मग त्यांच्या मराठीत करायला लागले. आणि हँडल घट्ट धरून उभी राहिले.

"हाँ अब्बा," नसीम म्हणाली, "ढीला रह गया मेरे से."

सत्तारभाईंनी खडू पुन्हा कानामागे ठेवला. "बस कर अब. कल से मैं देख लूँगा." एवढंच. पेरूवरून उतरवलेली रिम घेऊन ते पडद्याआड दुकानात गेले.

तिने चाक कसून दिलं. नख टेकवून पाहिलं, पुन्हा कसलं. सायकल सरळ केली आणि माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली. मी रस्त्याकडे पाहत होते. ती एका हाताने सीटवरचा कोंडा पुसत होती.

"कॉन्व्हेंट," ती म्हणाली, "चाक ढिलं नसन तरी येत जाजो."

मी गेले नाही. संक्रांतीला आईने तिळगुळाचा डबा भरून दिला, "तुझ्या त्या मैत्रिणीला दे" म्हणाली. तो मी पुलावर बसून एकटीने खाल्ला, घरी रिकामा डबा आणला. स्टेशन रोड टाळण्यासाठी लांबून जायला लागले. मग परीक्षेच्या क्लाससाठी मला पुन्हा चंद्रपूरला पाठवलं. उन्हाळ्यात बाबा लग्नाची पत्रिका घेऊन आले, नसीमची, नागभीडला दिली होती. पाकिटावर तिच्या अक्षरात माझं नाव आणि खाली एक ओळ: चाक कसं आहे? परीक्षा त्याच आठवड्यात होती. ते कारण खरं होतं, पण परीक्षा नसती तरी मी गेले असते असं मला वाटत नाही.

डॉक्टर काही झाले नाही. चंद्रपूरच्या एका ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिते. ते काम मला जमतं, समोर माणूस नसतो. सायकल माझ्याकडेच आहे. सुटीच्या दिवशी सकाळी रामाळा तलावाकडून एक चक्कर, कधी किल्ल्याच्या भिंतीच्या बाजूने. इतक्या वर्षांत ती दोन चाकं एकदाही कसावी लागली नाहीत. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक लागत नाही, म्हणून पावसाळ्यात जपून चालवावं लागतं, तेवढंच. कधी चाक फिरवून मी अंगठ्याचं नख टेकवते. काही लागत नाही. मला त्यातलं कळतही नाही, पण टेकवते.

या दिवाळीनंतर मागची रिम ब्रेकच्या जागी झिजून कागदासारखी झाली आणि एका ठिकाणी चिरली. मी ती इथल्या एका दुकानात नेली. दुकानदार माझ्यासारखाच कमी बोलणारा माणूस. त्याने तीन जोड्या पुढे ठेवल्या. एक अॅल्युमिनियमची हलकी, एक तशीच पण महाग नाव कोरलेली, एक साधी, चांदीच्या रंगाची, कुणी लक्ष देणार नाही अशी. मग त्याने माझं जुनं चाक उजेडाकडे धरलं, सवयीने वरून पाहिलं, आणि पाहत राहिला.

"हे कुठी भरलं मॅडम?"

"वडशाला. खूप वर्षं झाली."

"वडशाले? मले वाटलं नागभीडचं. तिथी स्टेशनाजवळ एक बाई बसते, सायकलच्या दुकानात. ते असं भरते. तेलाचं भोक हवेच्या भोकासमोर. तिकडचे लोक येतेत ना कधी, मी पाहूनच सांगतो, हे त्या बाईचं चाक."

"दुकानात बसते?"

"मंग? दुकान तिचंच हाये म्हणते."

दुकानाबाहेर ऑटो उभे होते, कुणीतरी बल्लारशा, बल्लारशा ओरडत होतं. मी चाक त्याच्या हातातून घेतलं आणि उगीच स्पोक मोजले. छत्तीस. हवेचं भोक सोडून.

पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाला धरूनच होता. रिम खरंच चिरली आहे. या वेळी मी काही केलेलं नाही. हे चाक घेऊन नागभीडला जावं, म्हणावं, बदलून दे. किती चांगलं कारण. रात्रभर ते कारण उशाशी होतं.

सकाळी दुकानात जाऊन मी साधी जोडी बसवून घेतली. खिशाला परवडणारी, फार हलकी नाही, फार जड नाही. दुकानदाराने चाक फिरवलं, मी अंगठा पुढे केला. नखाला काही लागलं नाही. त्याला ते विचित्र वाटलं असावं. जुनी दोन्ही चाकं घरी आणून मी गॅलरीत खिळ्याला टांगली. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटतात आणि वाजतात.

शनिवारी सकाळच्या गाडीने नागभीडला जाते आहे. मूल, सिंदेवाही, मग नागभीड. गाडीतून शेतं कापलेली दिसतील, आणि कुठे कुठे धानाचे भारे. सायकल घरीच राहील. पर्समध्ये दादाची ती चावी घेतली आहे, ती तिच्यासमोर ठेवायची, आणि तीन शब्द बोलायचे. सध्या रोज ऑफिसला जाताना ते तिच्या मराठीत म्हणून पाहते. "ते मीच केलतं."

ती मला ओळखेल का, माहीत नाही. पोत्यावरून उठत तिने विचारलं, काऊन आली, तर सांगायला या वेळी माझ्याकडे काहीच नाही. चाक अगदी घट्ट आहे.